चुकीच्या पत्त्यांचं गाव : कूपरस्टाउन

गेल्या जूनमध्ये मी न्यू जर्सीला मुलाकडे गेले होते. एका संध्याकाळी दहा वर्षांचा नातू अद्वैत बुटांचा एक जुना खोका छातीशी धरून घरात शिरला. शेजारचे आजोबा घर विकून फ्लोरिडाला निघाले होते. माळा आवरताना सापडलेला तो खोका त्यांनी याला देऊन टाकला होता. आत बेसबॉल खेळाडूंची शे-दीडशे जुनी कार्डं होती, रबर लावून गठ्ठे केलेली. आपल्याकडे बबलगमच्या वेष्टनात क्रिकेटपटूंचे फोटो यायचे आणि मुलं ते जमवायची, अदलाबदल करायची, तोच हा प्रकार. अमेरिकेत मात्र हा नाद सव्वाशे वर्षांहून जुना आहे. अद्वैतचं मराठी घरापुरतं, त्यामुळे तो या कार्डांना 'बेसबॉलचे पत्ते' म्हणतो. आकारही पत्त्यांएवढाच.

दोन दिवस तो खोका आणि मोबाइल घेऊन बसला. तिसऱ्या दिवशी धावतच स्वयंपाकघरात आला.

"आजी, आपण श्रीमंत झालो!"

त्याच्या हातात १९६९ सालचं, टॉप्स कंपनीचं एक कार्ड होतं. नाव ऑरेलिओ रॉड्रिगेझ या खेळाडूचं, पण फोटो भलत्याच मुलाचा. संघाच्या बॅटी सांभाळणारा जो पोरगा असतो, त्याचाच फोटो कंपनीने खेळाडू समजून छापला होता. चुकीच्या छपाईची कार्डं हजारो डॉलरला जातात, असं अद्वैतने कुठेतरी वाचलं होतं. एका साइटवर या कार्डाची तसली किंमत लावलेलीही त्याला दिसली होती.

मला हसावं की रडावं कळेना. मी इंदूरच्या एका छापखान्यात एकतीस वर्षं मुद्रितशोधनाचं काम केलं. म्हणजे छापायच्या आधी चुका शोधून काढायच्या. एकदा एका लग्नपत्रिकेत नवरदेवाच्या आईचं नाव चुकलं आणि माझ्या नजरेतून ते सुटलं. तीनशे पत्रिका रद्दीत गेल्या आणि खर्च माझ्या पगारातून कापला गेला. चुकीची किंमत म्हणतात ती मला एवढीच माहीत होती.

"शनिवारी कूपरस्टाउनला जाऊ," मुलगा म्हणाला. "बेसबॉलचं मोठं संग्रहालय आहे तिथे, आणि कार्डांची दुकानंही. जाणत्या माणसाला दाखवू."

शनिवारी सकाळी अद्वैत आपल्या बेसबॉल संघाचा निळा टी-शर्ट घालून तयार झाला. गाडीत बसताना त्याची पाठ माझ्याकडे झाली आणि माझी जुनी सवय जागी झाली. पाठीवर इंग्रजीत छापलेल्या नावात 'ए' आणि 'आय' ही दोन अक्षरं उलटी पडली होती. अद्वैतचा 'अद्वियात' झाला होता.

"अरे, हे चुकलंय!"

"माहितीये," तो खिडकीबाहेर बघत म्हणाला. "जाऊ दे ना आजी. आता सगळे मला तसंच म्हणतात."

पुढे तो काही बोलला नाही, आणि मीही विषय तिथेच सोडला.

तळ्याकाठचं गाव

न्यू जर्सीहून कूपरस्टाउन साधारण चार तासांवर. हमरस्ता सुटला की डोंगर, मक्याची शेतं आणि लाल रंगाची धान्याची कोठारं लागतात. गाव न्यूयॉर्क राज्यात आहे, पण न्यूयॉर्क शहराचा गजबजाट इथे औषधालाही नाही. वस्ती दोन हजारांहून कमी. ऑट्सेगो नावाचं लांबट तळं गावाला लागूनच आहे आणि त्यातूनच सस्क्वेहाना नदी उगम पावते. विल्यम कूपर यांनी हे गाव वसवलं. त्यांचे चिरंजीव जेम्स फेनिमोर कूपर पुढे मोठे कादंबरीकार झाले.

मुख्य रस्ता आपल्याकडच्या तीर्थक्षेत्राच्या गावासारखा वाटला. देवळाच्या वाटेवर जशी प्रसादाची आणि मूर्तींची दुकानं असतात, तशी इथे बॅट, टोप्या, सह्या केलेले चेंडू आणि कार्डं यांची दुकानं. भाविकही तसेच, आपापल्या संघाचे रंग अंगावर घालून आलेले. अद्वैतने संग्रहालयाकडे पाहिलंसुद्धा नाही. तो आम्हाला ओढत थेट एका कार्डांच्या दुकानात घेऊन गेला.

कोणती चूक मोलाची?

दुकानदार साठीच्या पुढचे गृहस्थ होते. त्यांनी रॉड्रिगेझचं कार्ड कडेने धरून उजेडात तिरकं केलं, कोपरे पाहिले आणि हळूच काउंटरवर ठेवलं.

"फोटो त्या पोराचाच आहे, तू बरोबर ओळखलंस," ते अद्वैतला म्हणाले. "पण मला सांग, या कार्डावर खरा रॉड्रिगेझ असलेलं दुसरं कार्ड तू कुठे पाहिलंस का?"

अद्वैतने मान हलवली.

"नाहीच दिसणार. ही चूक कंपनीने कधी दुरुस्तच केली नाही. त्या वर्षी छापलेल्या प्रत्येक कार्डावर तोच मुलगा आहे. चूक सगळ्यांकडे असेल, तर ती दुर्मीळ कशी?"

कार्डाची किंमत त्यांनी काही डॉलर सांगितली. अद्वैतचा चेहरा उतरला. तेव्हा त्यांनी एक जाडजूड किंमतपुस्तक काढलं आणि आम्हाला तासभर शिकवलं. त्यांचा पहिला धडा असा, की छपाई चालू असताना कोणाच्या तरी लक्षात आलेली आणि मग सुधारलेली चूकच सहसा मोलाची ठरते. कारण मग एकाच कार्डाच्या दोन आवृत्त्या होतात आणि त्यातली एक थोडीच असते.

१९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीच्या सिगारेटच्या पाकिटांतून खेळाडूंची कार्डं यायची. संग्राहक त्या मालिकेला टी-२०६ म्हणतात. त्यात शेरी मॅगी या खेळाडूच्या आडनावाच्या स्पेलिंगमधलं एक अक्षर चुकलं. थोडी कार्डं बाहेर पडल्यावर ते सुधारलं गेलं. आज सुधारलेलं कार्ड त्या मानाने सहज मिळतं आणि चुकलेल्यासाठी लोक जंग जंग पछाडतात. त्याच मालिकेत न्यूयॉर्कच्या जो डॉइलच्या नावाखाली चुकीच्या लीगचं नाव पडलं. डॉइल आडनावाचा दुसरा एक खेळाडू न्यूयॉर्कच्याच दुसऱ्या संघात होता, त्यामुळे हा घोटाळा झाला. ती चूक असलेली कार्डं आज बोटांवर मोजण्याइतकीच उरली आहेत, आणि त्यांना लाखो डॉलर मिळाले आहेत.

याउलट हँक आरन या महान फलंदाजाचं १९५७ सालचं कार्ड. फोटोची निगेटिव्ह उलटी लागली आणि उजव्या हाताने खेळणारा आरन डावखुरा झाला. गणवेशावरचा ४४ आकडाही आरशात पाहावा तसा उलटा. पण ते कधीच सुधारलं नाही. ते कार्ड महाग आहे, पण आरनमुळे. चुकीचे जादा पैसे त्यात नाहीत.

दुसरा धडा माझ्या ओळखीचा निघाला. १९९० साली टॉप्सने फ्रँक थॉमसचं कार्ड छापलं, तेव्हा काही कार्डांवर त्याचं नावच उमटलं नाही.

"काळ्या रंगाच्या प्लेटवर काहीतरी आडवं आलं असणार," मी म्हणाले. "रंगीत छपाईत पिवळा, निळा, किरमिजी आणि काळा असे चार रंग वेगवेगळे छापतात. अक्षरं काळ्यात असतात. तिथेच अडथळा आला की फोटो राहतो आणि नाव जातं."

दुकानदारांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही या धंद्यातल्या आहात?"

मी त्यांना छापखान्याची आणि त्या तीनशे पत्रिकांची गोष्ट सांगितली. ते मनापासून हसले. "एक तरी ठेवायची होती हो! बाकीच्या रद्दीत गेल्या म्हटल्यावर तीच दुर्मीळ झाली असती."

तिसरी गोष्ट म्हणजे चूक आणि दोष यांतला फरक. कार्ड वाकडं कापलं गेलं, शाईचा ठिपका पडला, फोटो हलल्यासारखा आला, हे सगळे छपाईचे दोष. कार्डाची प्रत ठरवणाऱ्या पीएसएसारख्या कंपन्या तसा शेराच डबीच्या चिठ्ठीवर मारतात, आणि किंमत बहुधा वाढण्याऐवजी घटते. अद्वैतच्या खोक्यात एक कार्ड असं होतं, की त्यावर शेजारच्या कार्डाचीही पट्टी आली होती. त्याला वाटलं होतं, दोन खेळाडू म्हणजे दुप्पट पैसे!

चौथी गोष्ट लबाडीची. १९५८ सालच्या पँचो हेरेराच्या काही कार्डांवर आडनावाचं शेवटचं 'ए' उमटलं नाही. तशी कार्डं फार थोडी आहेत. मग लबाड लोक काय करतात? चांगल्या कार्डावरचं ते अक्षर खरवडून काढतात. म्हणून असं कार्ड उजेडात तिरकं धरायचं. जिथे खरवडलंय तिथली चकाकी गेलेली असते आणि भिंगातून कागदाचे तंतू उभे राहिलेले दिसतात. पूर्ण बनावट कार्ड ओळखायचं तर अक्षरांवर भिंग धरायचं. जुन्या अस्सल छपाईत काळं अक्षर सलग, भरीव दिसतं. मूळ कार्डावरून नक्कल छापली असेल, तर अक्षरसुद्धा रंगीत ठिपक्यांचं बनलेलं दिसतं.

"आणि शेवटचं," ते अद्वैतच्या मोबाइलकडे बोट दाखवून म्हणाले, "कोणी काय किंमत लावलीय ते बघू नकोस. खरोखर विकलं गेलं ते कितीला, तेवढंच बघ. मी माझ्या चपलेवरही लाख डॉलरची चिठ्ठी लावू शकतो."

यावर अद्वैत पहिल्यांदा हसला. निघताना त्याने खाऊच्या पैशांतून रॉड्रिगेझसाठी प्लास्टिकची एक पारदर्शक डबी विकत घेतली.

गावाचाच पत्ता चुकला

संग्रहालयाचं नाव नॅशनल बेसबॉल हॉल ऑफ फेम. इथे एका काचेमागे टाके उसवलेला, काळपट पडलेला एक चेंडू आहे. तीर्थक्षेत्राचा जणू मूळ देवच. त्याची गोष्ट मला फार आवडली.

बेसबॉल नेमका कुठे जन्मला, हे ठरवायला १९०५ साली एक समिती नेमली गेली. हा खेळ इंग्लंडमधल्या खेळांतून आलेला नसून अस्सल अमेरिकन आहे, असं म्हणणाऱ्यांचा त्यामागे जोर होता. एका वृद्ध खाण-अभियंत्याने पत्र लिहून कळवलं, की अ‍ॅबनर डबलडे याने कूपरस्टाउनमध्ये हा खेळ शोधून काढला. समितीने फारशी शहानिशा न करता ते मान्य केलं आणि १८३९ हे वर्षही पक्कं केलं. डबलडे पुढे अमेरिकेच्या यादवी युद्धात सेनापती झाला होता, त्यामुळे नावाला वजन होतं. पण १८३९ मध्ये तो वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत शिकत होता. बेसबॉल आपण शोधला असा दावाही त्याने कधी केला नाही. समितीचा निकाल आला, तेव्हा त्याला जाऊन चौदा वर्षं झाली होती.

पुढे जवळच्याच एका खेड्यात जुन्या पेटीत हा चेंडू सापडला. स्टीफन क्लार्क या गावच्या धनिकाने तो पाच डॉलरला घेतला. आपल्या आजी-आईच्या काळात घरोघरी असलेलं सिंगर शिवणयंत्र आठवतंय? त्या कंपनीत क्लार्कच्या आजोबांची भागीदारी होती, हा पैसा तिथला. चेंडूच्या निमित्ताने संग्रहालयाची कल्पना निघाली आणि बेसबॉलची 'शताब्दी' म्हणून १२ जून १९३९ रोजी ते थाटात उघडलं.

आता संग्रहालयही डबलडेची गोष्ट दंतकथा म्हणूनच सांगतं. आणि गंमत म्हणजे हॉल ऑफ फेमच्या मानकऱ्यांत डबलडे नाही!

अद्वैत विचारात पडला. "म्हणजे हे अख्खं गावच चुकीचं छापलंय?"

"पत्ता चुकला खरा," मी म्हणाले. "पण आता चूक कबूल तरी केलीय. गाव थोडंच हलवता येतं?"

कार्डांचं स्वतंत्र दालन २०१९ मध्ये सुरू झालं. जुन्या काळी मुलं कार्डं बुटांच्या खोक्यात ठेवायची, म्हणून नावही 'शूबॉक्स ट्रेझर्स', खोक्यातला खजिना. इथे टी-२०६ मालिकेतलं होनस वॅग्नरचं प्रसिद्ध कार्ड पाहायला मिळतं. त्याची छपाई लवकरच थांबली, म्हणून ते दुर्मीळ. त्याची एक प्रत २०२२ मध्ये ७२ लाख ५० हजार डॉलरना विकली गेली. त्याच महिन्यात मिकी मँटलच्या १९५२ सालच्या कार्डाने १ कोटी २६ लाख डॉलर मिळवले, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे शंभर कोटी रुपये. गोष्ट ऐकण्यासारखी आहे. त्या मालिकेची न विकलेली खोकी वर्षानुवर्षं गोदामात पडून होती. शेवटी १९६० मध्ये टॉप्सच्या साय बर्गर यांनी ती बोटीतून नेऊन अटलांटिक समुद्रात बुडवली. गिऱ्हाईक मिळेना म्हणून बुडवलेला माल आज शंभर कोटींचा!

नाव दुरुस्त केलं तो माणूस

मानकऱ्यांच्या दालनात उंच भिंतींवर ओळीने ब्राँझच्या पाट्या आहेत. लोक इथे आपोआप हळू बोलतात. मुलगा आम्हाला रोबेर्तो क्लेमेंतेच्या पाटीपाशी घेऊन गेला.

क्लेमेंते पोर्तो रिकोचा. पिट्सबर्गच्या संघाकडून त्याने बरोबर ३००० यशस्वी फटके मारले. ३१ डिसेंबर १९७२ रोजी निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदतीचं सामान घेऊन तो विमानाने निघाला आणि ते विमान समुद्रात कोसळलं. पुढच्याच वर्षी, एरवीचा पाच वर्षांचा नियम बाजूला ठेवून, त्याला इथे मान दिला गेला.

त्याच्या मातृभाषेत, स्पॅनिशमध्ये, आधी स्वतःचं नाव, मग वडिलांचं आडनाव आणि शेवटी आईचं आडनाव लावतात. म्हणून तो रोबेर्तो क्लेमेंते वॉकर. पण १९७३ च्या पाटीवर अमेरिकी रिवाजाप्रमाणे 'रोबेर्तो वॉकर क्लेमेंते' असं कोरलं गेलं. आईचं आडनाव मधलं नाव होऊन बसलं. सत्तावीस वर्षं ते तसंच राहिलं. २००० साली पाटी पुन्हा ओतली आणि नाव त्याच्या रिवाजाप्रमाणे लावलं. आपल्या लोकांना हे सांगायला नको. नाव, वडिलांचं नाव, आडनाव हा आपला क्रम परदेशातल्या अर्जांवर कसा विस्कटतो, ते घरोघरी माहीत आहे.

"आणि कार्डांवर तर टॉप्सने त्याला कितीतरी वर्षं 'बॉब' केलं होतं," मुलगा म्हणाला. "लोकांना सोपं जावं म्हणून. तो मात्र आपलं नाव रोबेर्तोच सांगत राहिला."

अद्वैत पाटीकडे बराच वेळ बघत होता. मग त्याने विचारलं, "बाबा, तुमच्या ऑफिसात तुम्हाला काय म्हणतात?"

मुलगा काही बोलला नाही. मला ठाऊक होतं. आम्ही हौसेने ठेवलेलं चार अक्षरी नाव त्याने नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात दीड अक्षरावर आणून ठेवलं होतं. लोकांना सोपं जावं म्हणून.

संध्याकाळी आम्ही तळ्याकाठी बसलो. दशम्या आणि लसणाची चटणी सोबत होतीच. पाणी अगदी स्थिर होतं. अद्वैत खाता खाता मध्येच म्हणाला, "आजी, रॉड्रिगेझने त्यांना सांगितलं का नसेल, की हा मी नाही म्हणून?"

"कदाचित त्याला वाटलं असेल, जाऊ दे," मी म्हणाले.

त्यानंतर तो गप्पच होता. गाडीत झोपला की विचार करत होता, ते अंधारात कळलं नाही.

जाणार असाल तर

न्यू जर्सी किंवा न्यूयॉर्कमध्ये नातेवाइकांकडे असाल, तर भल्या पहाटे निघून एका दिवसात जाऊन येता येतं. पण एक मुक्काम केलात तर तळंही निवांत पाहता येईल. विमानाने यायचं तर ऑल्बनी विमानतळ सोयीचा, तिथून मोटारीने दीडेक तास. जुलैच्या अखेरीस नव्या मानकऱ्यांचा सोहळा असतो, त्या दिवसांत गावात पाय ठेवायला जागा नसते. ऑक्टोबरमध्ये डोंगर लाल-पिवळे होतात आणि गर्दीही ओसरते. संग्रहालयाला तीन-चार तास हवेतच. घरातल्या मुलांकडे जुनी कार्डं असतील तर जरूर न्या, पण रबर काढून. रबराने कडा दबतात आणि किंमत तिथेच उतरते.

दोन आवृत्त्या

रविवारी रात्री अद्वैतने माझा मोबाइल मागितला. प्रशिक्षकांना त्याने स्वतःच निरोप लिहिला, की माझ्या टी-शर्टावरचं नाव चुकलं आहे आणि ते मला बदलून हवं आहे. पाठवण्याआधी तो माझ्याकडे घेऊन आला. "आजी, तपासून दे."

मी चष्मा लावून दोनदा वाचलं. एकही चूक नव्हती.

दोन आठवड्यांनी नवा टी-शर्ट आला. पाठीवर अद्वैत, अक्षरं जागच्या जागी. जुना मी धुऊन, घडी करून, फडक्यांच्या पिशवीत टाकायला निघाले, तर हा मागून धावत आला.

"आजी, नको! आता ती दुरुस्त झालेली चूक आहे!"

आता तो टी-शर्ट खोक्यात आहे, डबीतल्या रॉड्रिगेझच्या शेजारी.